आप्पांचं दुखणं आणि मॉर्फिन: नाशिकमधला आमचा अनुभव

माझे वडील, आप्पा, जून २०२४ मध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले. शेवटचे पाच-सहा महिने ते मॉर्फिनवर, म्हणजे जोरदार वेदनेच्या औषधावर, आणि शेवटी शेवटी तसल्याच दुसऱ्या औषधाच्या पट्टीवर होते, आणि मला फक्त त्याबद्दलच लिहायचं आहे. केमोवर, ऑपरेशनवर, योजनांवर मराठीत बरंच वाचायला मिळतं. पण दुखणं थांबवायला कुणाकडे जायचं, कोणते कागद न्यायचे, गोळ्या घरी आणल्यावर कशा द्यायच्या, हे आम्हाला तेव्हा कुणी सलग सांगितलं नव्हतं. ओळखीतून अजून फोन येतात, "ताई, ते मॉर्फिन कुठे मिळतं हो?" म्हणून एकदा लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत नोकरी करते. खालचे डोस आप्पांचे आहेत. तुमच्या माणसाचे वेगळे असतील, ते डॉक्टरच ठरवतील.

आप्पा एसटीत कंडक्टर होते. कळवण, पेठ, सुरगाणा या रूटवर सगळी नोकरी गेली. २०२१ मध्ये लघवीच्या त्रासावरून तपासण्या झाल्या, रक्तातला पीएसए (प्रोस्टेटच्या आजारात बघतात तो आकडा) खूप वाढलेला निघाला, बायोप्सीत कॅन्सर आला. दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन सुरू झालं आणि पुढची दोन वर्षं खरंच बरी गेली. २०२३ च्या पावसाळ्यात कंबर धरली. बोन स्कॅनमध्ये मणके, खुबा आणि बरगड्यांत आजार पसरलेला दिसला. कंबरेला रेडिएशन दिलं. हाडांच्या दुखण्याला रेडिएशनचा ८ ग्रेचा (ग्रे हे त्याचं माप) एकच डोस पुष्कळांना पुरतो असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि आप्पांना दोनेक महिने चांगला आराम पडलाही. दिवाळीच्या सुमारास दुखणं परत आलं. या वेळी ते कंबरेतून उजव्या पायात करंट लागल्यासारखं उतरायचं.

मग गोळ्यांच्या पायऱ्या सुरू झाल्या. आधी पॅरासिटामॉल, त्याच्या जोडीला डायक्लोफेनॅक, मग ट्रामाडॉल. ट्रामाडॉल दिवसाला दीडशे मिलिग्रॅमवरून वाढत वाढत ४०० वर गेलं. त्याच्या वर ते देत नाहीत, ती त्या औषधाची कमाल मर्यादा आहे. आप्पा तिथे पोहोचले आणि दुखणं जागच्या जागी होतं. शिवाय मळमळ आणि पोट गच्च. आडवं झालं की कळ यायची म्हणून ते रात्रभर खुर्चीत बसायचे, पुढ्यात उशी घेऊन. दुखतंय का विचारलं की "चालायचंच" म्हणायचे. आई म्हणायची भोग आहेत, भोगूनच संपवायचे. मला त्या वाक्याची चीड यायची, पण तिच्याजवळ तरी दुसरं काय होतं?

डिसेंबरात आमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा मॉर्फिनचं नाव काढलं. "आता याची गरज आहे, पण आमच्याकडे ते ठेवत नाहीत," एवढंच. कुठे ठेवतात, हे त्यांनाही नक्की सांगता आलं नाही. मी कॅनडा कॉर्नरपासून मुंबई नाक्यापर्यंत दिसेल त्या मेडिकलमध्ये विचारलं. काहींनी सरळ नाही म्हटलं. एकाने आवाज खाली आणून "तुम्हाला कशाला पाहिजे?" असं विचारलं. मी पेशंटची फाईल काढून काउंटरवर ठेवली तेव्हा तो ओशाळला आणि म्हणाला, "मॅडम, ते नार्कोटिक आहे, आम्हाला ठेवताच येत नाही."

तो खोटं बोलत नव्हता. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या, कायद्यामुळे मॉर्फिन ठेवायला, विकायला वेगवेगळे परवाने लागायचे, प्रत्येक राज्याचे नियम निराळे, आणि त्या कटकटीपायी बहुतेक हॉस्पिटलांनी ते ठेवणंच बंद केलं होतं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांना अत्यावश्यक नार्कोटिक औषधं ठरवून देशभर एकच नियम आणला. आता राज्याच्या औषध नियंत्रकाने, म्हणजे आपल्याकडे एफडीएने, मान्यता दिलेली वैद्यकीय संस्था ही औषधं ठेवू शकते आणि पेशंटला घरी नेण्यासाठी देऊ शकते. अशा संस्थेला सगळे 'आरएमआय' (रेकग्नाइज्ड मेडिकल इन्स्टिट्यूशन) म्हणतात. ही अक्षरं लक्षात ठेवा. फोनवर "तुमच्याकडे मॉर्फिन आहे का?" असं विचारलं की रिसेप्शनवरची मुलगी घाबरून नाही म्हणते. "तुमचं हॉस्पिटल आरएमआय आहे का? पॅलिएटिव्ह केअरची ओपीडी कोणत्या वारी असते?" असं विचारलं की फोन योग्य माणसाकडे जातो. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होणार नसला तरी दुखणं आणि त्रास कमी करणारे उपचार. जिल्हा रुग्णालयातही याच शब्दांत चौकशी करा. पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे आणि त्यात जिल्हा पातळीवर सोय करण्याची तरतूद आहे.

मॉर्फिन ज्या अफूपासून बनतं, ती पिकते आपल्याच देशात, मंदसौर-नीमच आणि चित्तोडगडच्या पट्ट्यात, सरकारी परवान्याने. तिच्यावर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने नीमच आणि गाझीपूरला आहेत. आणि नाशिकमधल्या म्हाताऱ्या माणसाला दहा मिलिग्रॅमची एक गोळी मिळत नव्हती.

नाशिकमधलं केंद्र आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये आप्पांना परळला टाटा मेमोरिअलला न्यायचं ठरलं. पहिल्या वेळी डॉक्टरांना पेशंट प्रत्यक्ष बघावा लागतो, त्यामुळे नुसती फाईल घेऊन पंचवटी एक्स्प्रेसने दादर गाठणं शक्य नव्हतं. मोठी गाडी केली, जाऊन-येऊन साडेसहा हजार. पहाटे चारला सिडकोतून निघालो. मधली सीट जितकी मागे जाते तितकी टाकून आप्पांना तिरकं झोपवलं, कंबरेखाली दुमडलेली गोधडी. कसारा घाट त्यांनी सोसला, पण पडघ्याच्या पुढच्या खड्ड्यांनी त्यांच्या डोळ्यांतून पाणी काढलं. तशातही ते ड्रायव्हरला सांगत होते, "डावीकडून घे, डावीकडून." कुणाला असा प्रवास करायचा असेल तर निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी वेदनेची गोळी द्या आणि लघवीचं भांडं हाताशी ठेवा.

बरोबर नेलेले कागद: बायोप्सीचा मूळ रिपोर्ट, बोन स्कॅन, रेडिएशनचा सारांश, ताजी क्रिएटिनिनची (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी) रक्ततपासणी, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, आप्पांचं आणि माझं आधार कार्ड, प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. माझं आधार लागेल असं वाटलं नव्हतं, पण पुढे औषध घ्यायला जो येणार त्याची ओळख लागतेच.

नवीन केसपेपर, रांग, परत रांग. दुपार झाली. पण आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे न बघता खुर्ची आप्पांच्या जवळ ओढली आणि त्यांनाच विचारलं, "काका, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. तुमचं किती?" आप्पा जरा थांबले. "आठ. रात्री नऊ." आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. घरी तीन महिने तो माणूस "चालायचंच" म्हणत होता.

त्यांनी बराच वेळ विचारपूस केली. कुठे दुखतं, टोचतं की जळतं, कशाने वाढतं, झोप किती, संडास कधी झाली होती. पायात उतरणारी करंटसारखी कळ नसेवरच्या दाबाची, तिला रात्री वेगळी गोळी दिली. डायक्लोफेनॅक बंद, कारण मूत्रपिंडांवर आधीच ताण होता. ट्रामाडॉलही बंद, मॉर्फिनबरोबर ते ठेवून उपयोग नसतो. आणि मॉर्फिन सुरू: दहा मिलिग्रॅमची अर्धी गोळी, म्हणजे पाच, दर चार तासांनी. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे पूर्ण गोळी. दुप्पट अशासाठी, की मध्यरात्री दोनला उठवावं लागू नये.

"दुखलं तर द्यायची का?" मी विचारलं. "नाही," त्या म्हणाल्या, "घड्याळ बघून द्यायची. दुखत नसलं तरी द्यायची, म्हणूनच दुखणार नाही." मधेच कळ उसळली तर त्यासाठी अर्धी गोळी जादा, आणि ती दिली की वेळ लिहून ठेवायची. जादा गोळ्या रोज तीन-चार वेळा लागत असतील तर नेहमीचा डोस कमी पडतोय असं समजून फोन करायचा.

मग मी तो प्रश्न विचारला जो बाहेर बसलेल्या माझ्या काकांनी मला पढवून पाठवला होता. व्यसन लागेल का? त्यांना हा प्रश्न रोज कुणीतरी विचारत असणार, पण कंटाळा दाखवला नाही. दुखण्यासाठी ठरलेल्या मात्रेत घेणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला नशेची ओढ लागणं फार क्वचित घडतं, म्हणाल्या. शरीराला सवय होते, ती वेगळी गोष्ट. म्हणून गोळी एकदम तोडायची नाही, कमी करायची तर टप्प्याटप्प्याने. दुसरा प्रश्न माझा स्वतःचा होता: आत्ताच सुरू केलं तर शेवटी काय उरेल? त्यांनी सांगितलं की ट्रामाडॉलसारखी याला वरची मर्यादा नाही, दुखणं वाढलं तर मात्रा वाढवता येते. मॉर्फिन शेवटच्या दिवसांचं औषध नाही, जास्त दुखणाऱ्या माणसाचं औषध आहे. कितीतरी लोक ते घेऊन महिनोन्महिने, काही तर वर्षभर आणि त्याहून जास्त, घरात हिंडता-फिरता राहतात.

चिठ्ठीवर मॉर्फिनच्या खालच्याच ओळीत बिसाकोडिल, म्हणजे पोट साफ होण्याचं औषध, होतं, रात्री दोन गोळ्या. तिसऱ्या ओळीत पहिल्या आठवड्यापुरती उलटीची गोळी. त्यांनी बिसाकोडिलखाली दोनदा रेघ ओढली. मॉर्फिनची गुंगी जाते, मळमळ जाते, बद्धकोष्ठता जात नाही, त्यामुळे मॉर्फिन आहे तोवर पोटाचं औषध रोज.

औषध दोन आठवड्यांचं मिळालं. दहा गोळ्यांच्या स्ट्रिपला शंभर रुपयेसुद्धा पडले नाहीत. साडेसहा हजारांची गाडी करून एवढं स्वस्त औषध आणलं! निघताना नाशिकमधल्या एका केंद्राच्या नावाने पत्र मिळालं. पुढची औषधं तिथेच मिळतील, दर वेळी मुंबईला यायचं नाही. ते केंद्र आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर निघालं. त्याचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण डॉक्टर बदलतात, साठा संपतो, मान्यतेचं नूतनीकरण अडकतं. तुम्ही जाल त्या महिन्याची खात्री तुम्हीच फोनवर करून घ्या.

घरी आल्यावरचे पहिले तीन दिवस अवघड होते. आप्पा नुसते झोपून. जेवायला उठवावं तर दोन घास खाऊन परत डोळे मिटायचे. काका रोज येऊन बघायचे आणि दारातच म्हणायचे, "गुंगीत ठेवलंय तुम्ही त्याला. अफूच ती." पुण्याहून भावाचा फोन, बंद करायचं का? परळच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की सुरुवातीचे दोन-तीन दिवस झोप जास्त येते, आणि कितीतरी आठवड्यांची झोप शिल्लक असल्याने ती येणारच. मी तेवढ्या एका ओळीच्या भरवशावर तग धरून होते. हाक मारली की डोळे उघडतात का, ओळखतात का, श्वास सरळ आहे का, एवढं दर चार तासांनी बघायचे. चौथ्या दिवशी सकाळी मी सहाची गोळी घेऊन गेले तर आप्पा आडवे झोपलेले. खुर्चीत नाही, पलंगावर, कुशीवर. आठवडाभरात आकडा आठवरून तीनवर आला.

गोळ्यांचा हिशोब त्यांनी स्वतःकडे घेतला. दोनशे पानी वही आणून तिच्यावर कंडक्टरच्या वेबिलसारखे (तिकिटांच्या हिशोबाच्या कागदासारखे) रकाने आखले: वेळ, गोळी, आकडा, जादा गोळी, संडास. दुखणं 'प्रवासी' या रकान्यात लिहायचे. पाच लिहिलं की म्हणायचे, "आज सीटा भरल्यात." ही वही पुढे प्रत्येक डॉक्टरांनी सगळ्यात आधी मागितली, आणि डोस वाढवायचा की नाही हे तिच्यावरूनच ठरलं. साधी वही पुरते, ॲप वगैरे नको. मात्र आकडा पेशंटलाच विचारायचा, आपण तोंड बघून ठरवायचा नाही.

दुखणं उतरल्यावर माणूस परत भेटतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी आधीच जास्त आरडाओरडा करून मॉर्फिन मागितलं असतं. फेब्रुवारीत आप्पा संध्याकाळी वॉकर घेऊन कोपऱ्यावरच्या बसथांब्याच्या बाकावर जाऊन बसायला लागले. तिथे सिटीलिंकच्या बसगाड्या थांबतात. शहराची बससेवा २०२१ मध्ये एसटीकडून महापालिकेकडे गेली ते त्यांना शेवटपर्यंत पटलेलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक गाडीवर त्यांची काहीतरी टीका असायची. घरी येऊन ती सगळी आईला ऐकवायची. आई भोगाबद्दल बोलायची थांबली होती आणि पोळ्या लाटत हुं हुं करायची.

नाशिकच्या केंद्रातली पद्धत अशी. ओपीडी आठवड्यातून ठरावीक वारी. आधी सिस्टर वही बघतात, मग डॉक्टर, मग फार्मसीची खिडकी. तिथे मागच्या वेळच्या रिकाम्या स्ट्रिपा परत द्यायच्या, त्या मोजतात. रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, नंबर, किती गोळ्या दिल्या, कोणी नेल्या, आणि आपली सही. फेकू नका त्या स्ट्रिपा, एका डब्यात टाकत चला. पेशंटने दर वेळी यायची गरज नसते, पण नाव नोंदवलेल्या माणसानेच जावं लागतं. म्हणून भावाचं नाव दुसरं म्हणून नोंदवून घेतलं. मोफतच म्हणावं असा खर्च. एकदा साठा उशिरा आला आणि नेमकी आमची पाळी होती. तिथल्या सिस्टरांनी सांगून ठेवलंय की गोळ्या पाच दिवसांच्या उरल्या की या, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. सलग सुट्ट्या आल्या की हे फार उपयोगी पडतं.

प्रवासात किंवा घरी, गोळ्या कुलपात ठेवा आणि चिठ्ठीची झेरॉक्स सोबत असू द्या. आमच्याकडे माझी भाची सुट्टीला आली होती, म्हणून गोळ्या आईच्या कपाटातल्या दागिन्यांच्या कप्प्यात गेल्या. आणखी एक. मॉर्फिनच्या गोळ्या दोन प्रकारच्या असतात. आप्पांची साधी, चार तास चालणारी. दुसरी सावकाश सुटणारी, बारा तासांची. ती मोडायची, कुटायची किंवा चावायची नाही, नाहीतर बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. हातात पडलेली कोणती ते खिडकीवरच विचारून घ्या.

होळीच्या आधी दुखणं वाढलं आणि डोस पाचवरून दहावर गेला. काकांनी पुन्हा मान हलवली, पण या वेळी आप्पांनीच त्यांना गप्प केलं, "तुझी कंबर दे मला, मग बोल." डोस वाढला तसं पोटही अडलं. बिसाकोडिल रोज चालू असूनही पाच दिवस संडास नाही, मग थोडी थोडी पाण्यासारखी. ती जुलाबासारखी वाटते, पण वर खडा अडकलेला असतो आणि बाजूने पाणी झिरपतं, अशा वेळी पोटाचं औषध थांबवायचं नसतं. हे सिस्टरांनी फोनवर सांगितलं, दुसऱ्या दिवशी घरी येऊन एनिमा दिला. त्यानंतर रात्री लॅक्ट्युलोज हे पोटाचं दुसरं औषधही सुरू झालं. आप्पांच्या म्हणण्यानुसार सगळ्या आजारपणात कॅन्सरपेक्षा त्या पाच दिवसांनी जास्त छळलं. तेव्हा वहीतला संडासचा रकाना लाजून रिकामा ठेवू नका, तीन दिवस कोरे गेले की फोन करा.

एप्रिलचा शेवट. उन्हाचा कडाका, आप्पांचं खाणंपिणं कमी, लघवीही कमी. एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "पुढे सरका, पुढे सरका, सुट्टे काढून ठेवा." आधी वाटलं थट्टा करताहेत. मग हात अधूनमधून झटका बसल्यासारखे उडायला लागले. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. केंद्राच्या नंबरवर फोन केला. डॉक्टरांनी सांगितलं, हाक मारून बघा आणि मिनिटाला श्वास मोजा. चौदा भरले. दहाच्या खाली असते किंवा हाकेला जाग आली नसती तर तडक इमर्जन्सीला न्यायला सांगितलं असतं. पुढची गोळी थांबवायला सांगितली आणि सकाळीच रक्त तपासलं. क्रिएटिनिन वाढलं होतं, आजाराने लघवीची वाट दाबली गेली होती. मॉर्फिन शरीरात मोडल्यावर जे उरतं ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मूत्रपिंडं मंदावली की तेच साचतं, आणि कालपर्यंत अंगी लागलेला डोस आज जास्त होतो. म्हणून मॉर्फिनवरच्या माणसाची लघवी कमी झाली, झटके आले किंवा बोलणं भरकटलं तर रात्र असली तरी फोन करायचा.

मग फेंटानिलची, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीच्या औषधाची, पट्टी आली. दंडावर किंवा छातीवर चिकटवायची, बहात्तर तासांनी बदलायची, दर वेळी जागा नवी. मूत्रपिंडं मंदावलेल्यांना ही जास्त मानवते. आप्पांचं दिवसाचं मॉर्फिन ६० मिलिग्रॅम होत होतं, त्यावरून २५ मायक्रोग्रॅमची पट्टी ठरली. ज्यांनी आधी कधीच असं औषध घेतलेलं नाही त्यांना पट्टीने सुरुवात करत नाहीत, आणि शेजाऱ्याची उरलेली पट्टी तर कधीच लावायची नाही. लावल्यावर परिणाम यायला बारा तास आणि त्याहून जास्तही लागतात, त्या वेळेपुरती कळेसाठी कमी मात्रेची वेगळी सोय करून दिली होती. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, उन्हात बसायचं नाही, ताप आला तर कळवायचं, कारण उष्णतेने औषध भराभर अंगात जातं. घाम येऊन कडा सुटायच्या, तर डॉक्टरांना विचारून कडेने साधी चिकटपट्टी लावली. जुनी पट्टी काढली की चिकट बाजू आत येईल अशी दुमडायची आणि डब्यात ठेवायची. तिच्यात लहान मुलाचा जीव घेण्याइतकं औषध उरलेलं असतं. एकेक पट्टी काहीशे रुपयांना, म्हणजे मॉर्फिनच्या मानाने महाग, पण दोन दिवसांत आप्पांनी मला नावाने हाक मारली आणि वही परत मागितली.

मेमध्ये ते पलंगाला खिळले. एअर बेड भाड्याने आणला, दोन हजार अनामत. केंद्रातल्या सिस्टर आठवड्यातून एकदा घरी यायच्या. गिळणं थांबलं तेव्हा बाकीच्या गोळ्या सुटल्या, पट्टी चालू राहिली. आकडा विचारण्याची वेळ गेली होती, मग कपाळावरची आठी, कण्हणं, कूस बदलताना होणारी धडपड यावरून बघायचं, हे सिस्टरांनीच शिकवलं. काकांनी शेवटच्या आठवड्यात एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "पट्टीमुळे तर जात नाहीये ना तो?" मी त्यांना आत नेलं. आप्पा झोपले होते, श्वास संथ, मिनिटाला बारा-तेरा, चेहरा सैल. आजार न्यायला निघाला होता, पट्टी नाही, हे डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं होतं, ते मी काकांना पुन्हा सांगितलं. ते बराच वेळ उशाशी बसून राहिले. पहिला पाऊस झाला त्या आठवड्यात आप्पा घरीच गेले.

घरी मृत्यू झाला तर शेवटचे उपचार केलेल्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला, म्हणजे नमुना ४ अ, लागतो. आमच्या डॉक्टरांना आधीच कल्पना देऊन ठेवली होती, त्यामुळे ते तासाभरात येऊन गेले. पंचवटीतल्या अमरधाममध्ये आणि महापालिकेच्या नोंदणीत तोच कागद पुढे लागतो. नोंदणी एकवीस दिवसांच्या आत करा.

दहाव्यानंतर उरलेल्या गोळ्या, न उघडलेल्या पट्ट्या आणि दुमडलेल्या जुन्या पट्ट्यांचा डबा घेऊन मी केंद्रात गेले. कचऱ्यात टाकायच्या नाहीत, कुणाला "उपयोगी पडतील" म्हणून द्यायच्या तर मुळीच नाहीत, त्यांच्यासाठी ती चिठ्ठी नाही. फार्मासिस्टने सगळं माझ्यासमोर मोजलं, रजिस्टरमध्ये 'परत' असं लिहून सही घेतली. मी पोच मागितली, त्यांनी लेटरहेडवर लिहून दिली. तुम्हीही मागून घ्या. एअर बेडची अनामत मिळायला मूळ पावतीच लागली, झेरॉक्स चालली नाही.